पैसे आल्याचा ईमेल म्हणजे पैसे नव्हेत

जुना कॅमेरा विकायला काढलाय. जाहिरात टाकून तासही होत नाही तोच गिऱ्हाईक येतं, घासाघीस न करता किंमत मान्य करतं, आणि थोड्याच वेळात इनबॉक्समध्ये मेल येऊन पडतो: ‘तुम्हाला पेमेंट मिळालं आहे.’ वर ओळखीच्या पेमेंट सेवेचा लोगो, खाली व्यवहार क्रमांक, रक्कमही बरोबर. एकच ओळ जास्तीची असते: ‘वस्तू पाठवल्याची कुरिअरची पावती आम्हाला कळवा, म्हणजे रक्कम मोकळी होईल.’ विकणारा कॅमेरा पॅक करतो, पाठवतो, पावती कळवतो. मग वाट बघत बसतो. पैसे येत नाहीत, कारण ते कुणी पाठवलेलेच नसतात.

ऑनलाइन विक्री किंवा फ्रीलान्स काम नव्यानं सुरू करणाऱ्यांवर हा डाव सर्वांत आधी टाकला जातो. खरा पेमेंट मेल कसा दिसतो हे त्यांनी अजून पुरेसं पाहिलेलं नसतं आणि पहिल्या कमाईचा आनंदही असतो. ओळखीचे बरेच जण असे मेल मला पाठवून विचारतात, ‘हा खरा आहे का, बघून सांगा.’ माझं पहिलं उत्तर आता ठरून गेलंय: मेल बघत बसू नका, खातं बघा. खरा मेल आणि हुबेहूब नक्कल यांच्यातला फरक भल्याभल्यांना नजरेनं कळत नाही. खात्यात रक्कम आहे की नाही, हे मात्र कुणालाही कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीला टेकू देण्यासाठी आहेत.

पायरी १: मेल तसाच ठेवा, खातं आपल्या वाटेनं उघडा

आपली वाट म्हणजे कोणती? पेमेंट सेवेचं किंवा बँकेचं ॲप फोनमध्ये आधीपासून असेल तर ते. कॉम्प्युटरवर असाल तर ब्राउझरमध्ये स्वतः टाइप केलेला पत्ता, नाहीतर पूर्वी खात्री करून ठेवलेला बुकमार्क. मेलमधलं बटण, लिंक, फोन नंबर यांतलं काहीही वापरायचं नाही. सेवेचं नाव सर्च करून पहिल्याच निकालावर क्लिक करणंही टाळा. तिथल्या वरच्या जागा बहुतेक वेळा जाहिरातींच्या असतात आणि भामटेही त्या विकत घेतात.

खात्यात गेल्यावर व्यवहारांची यादी उघडा. मेलमधली रक्कम तिथे नसेल तर पैसे आलेले नाहीत, विषय संपला. ‘सर्व्हर स्लो आहे’, ‘चोवीस तासांत दिसेल’, ‘माझ्या खात्यातून तर कापले गेलेत’ असं गिऱ्हाईक सांगेल, स्क्रीनशॉटही पाठवेल. त्याला शांतपणे कळवा की रक्कम दिसली की वस्तू निघेल. खऱ्या गिऱ्हाइकाला यात काही गैर वाटत नाही. चिडचिड सुरू झाली, धमक्या आल्या, तर काय ते समजा.

नवखे अडकतात ते रोखून ठेवलेल्या पेमेंटपाशी. खऱ्या सेवाही पैसे रोखतात. उदाहरणार्थ, पेपाल नव्या विक्रेत्याची रक्कम २१ दिवसांपर्यंत रोखून ठेवू शकतं आणि माल पाठवल्याचा ट्रॅकिंग क्रमांक भरला की ती लवकर मोकळी होऊ शकते. भामट्याची थाप या खऱ्या नियमावर बेतलेली असते, म्हणून तर ती पटते. पण खरोखर रोखलेली रक्कम तुमच्या खात्यात ‘पेंडिंग’ किंवा ‘ऑन होल्ड’ अशा शेऱ्यासह दिसते आणि ट्रॅकिंग क्रमांकही खात्यात लॉगिन करूनच भरायचा असतो. खातं कोरं आणि मेलला उत्तर म्हणून पावतीचा फोटो मागितलाय, असं असेल तर रोखलेलं पेमेंट वगैरे काही नाही.

याच जातीच्या आणखी दोन थापा आहेत. एक म्हणजे, ‘तुमचं खातं वैयक्तिक आहे, ते बिझनेस खातं करण्यासाठी गिऱ्हाइकानं जास्तीची रक्कम भरली आहे, ती त्याला परत करा, मग सगळे पैसे जमा होतील.’ कुठलीही पेमेंट सेवा खात्याचा प्रकार बदलण्यासाठी तिसऱ्याच माणसाला पैसे पाठवायला लावत नाही.

दुसरी जास्त घातक. गिऱ्हाईक ‘चुकून’ जास्त पैसे पाठवतं आणि फरक परत मागतं. यात कधीकधी रक्कम खरोखरच खात्यात जमा झालेली दिसते. पण ती चोरलेल्या कार्डावरून किंवा कुणाच्या तरी हॅक केलेल्या खात्यातून आलेली असते. खऱ्या मालकानं तक्रार केली की सेवा ती मागे घेते आणि तुम्ही दुसऱ्या मार्गानं पाठवलेला फरक तेवढा बुडतो. म्हणून जास्त पैसे आले तर मूळ व्यवहारावरचाच ‘रिफंड’ पर्याय वापरून पूर्ण रक्कम परत करा आणि व्यवहार नव्यानं करायला सांगा. वेगळ्या खात्यात, वेगळ्या नावावर, गिफ्ट कार्डानं काहीही पाठवू नका.

आपली वाट सोडली तर काय होतं, याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. १९ मार्च २०१६ ला हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर इशारा आला की तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय, ताबडतोब बदला. मदतनीसांनी तो मोहिमेच्या तांत्रिक माणसाला दाखवला. त्याला ‘हा मेल खोटा आहे’ म्हणायचं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं, पण उत्तरात शब्द पडला तो ‘खरा’. तरीही त्याच उत्तरात त्यानं पासवर्ड बदलण्यासाठी गुगलची खरी लिंक दिली होती. क्लिक झालं ते मूळ मेलमधल्या बटणावर. त्या खात्यातले हजारो मेल पुढे ऑक्टोबरपासून विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या साइटवर येत राहिले. मेलबद्दलचा अंदाज चुकला होता हे खरंच, पण गुगलच्या लिंकनं गेले असते तर त्या चुकीनं काहीही बिघडलं नसतं. म्हणून ही पायरी मी पहिली ठेवली.

पायरी २: मेल नेमका कुणाकडून आलाय

पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतं. फोनवर तर बहुतेक ॲप फक्त नाव दाखवतात. त्या नावावर बोट टेकवलंत की खरा पत्ता उघडतो. ‘अमुकबँक ग्राहक सेवा’ असं नाव आणि खाली एखाद्या फुकट मेल सेवेवरचा अक्षरं-आकड्यांचा पत्ता दिसला, तर पुढे काही तपासायची गरज नाही. ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर कुठे जाणार आहे तेही बघा. पाठवणारा पत्ता एक आणि उत्तराचा दुसराच, असं बनावट मेलमध्ये वरचेवर आढळतं.

पत्ता बरोबर दिसला म्हणजे झालं, असंही नाही. ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांवर चालते ते १९८२ साली लिहिले गेले. तेव्हाचं नेटवर्क लहान होतं आणि पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यात ठेवली गेली नाही. पाकिटावर मागे प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहावं आणि पोस्टानं ते मुकाट पोचवावं, तसंच हे. पुढे त्याला तीन ठिगळं लावावी लागली. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायचे याची जाहीर यादी. डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. डीमार्क या दोन्हींची सांगड तुम्हाला दिसणाऱ्या पत्त्याशी घालतो आणि ती जुळली नाही तर मेलचं काय करायचं हे सांगतो. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना गुगलनं फेब्रुवारी २०२४ पासून ही तिन्ही बंधनकारक केली आणि याहू या कंपनीनंही त्याच सुमारास तशाच अटी आणल्या.

तुम्हाला हे स्वतः बघता येतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्याच तक्त्यात तिन्हींपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. बँकेच्या पत्त्यावरून आलेल्या मेलपुढे ‘फेल’ असेल तर तो सोडून द्या. पण ‘पास’ असेल तर हुरळून जाऊ नका. ‘पास’चा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनवरूनच, म्हणजे पत्त्यातल्या ‘ॲट’नंतरच्या नावावरूनच निघालाय. ते डोमेनच भामट्यानं स्वतः नोंदवलेलं असेल तर त्याच्या मेललाही तिन्ही ‘पास’ मिळतात.

शिवाय एक चाल अशी की या सगळ्या चाचण्या तिच्यापुढे निरुपयोगी ठरतात. भामटा खऱ्या पेमेंट सेवेवर खातं उघडतो आणि तिथूनच तुम्हाला बिल किंवा पैशांची मागणी पाठवतो. मेल अस्सल सेवेच्या सर्व्हरवरून येतो, पत्ताही अस्सल. फसवणूक असते ती बिलाच्या शेऱ्यात: ‘तुमच्या खात्यातून अमुक रक्कम कापली जात आहे, हा व्यवहार तुमचा नसेल तर या नंबरवर फोन करा.’ नंबर भामट्याचा. अशी मागणी तुमच्या खात्यातही दिसेल, कारण ती खरोखर पाठवलेली आहे. पण तुम्ही मान्य करेपर्यंत एक पैसाही हलत नाही. ती रद्द करा, सेवेकडे तक्रार करा आणि त्या नंबरवर फोन करू नका.

पायरी ३: लिंक उजवीकडून वाचायला शिका

माझ्या मते नवख्यानं वेळ घालवावा तर या कौशल्यावर. दहा मिनिटांत येतं आणि कायम उपयोगी पडतं.

कॉम्प्युटरवर माउस लिंकवर नुसता न्या, क्लिक करू नका. खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसेल. फोनवर लिंक दाबून धरा, पत्त्याची खिडकी उघडते. लिंकवर लिहिलेला मजकूर आणि ती जिथे नेते तो पत्ता यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, हे आधी मनात पक्कं करा.

आता पत्ता वाचू. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठे येते ते शोधा आणि तिथून डावीकडे चला. अशी रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून चला. लगतचे, डॉटनं वेगळे झालेले दोन तुकडे म्हणजे त्या जागेचा मालक. ‘लॉगिन डॉट अमुकबँक डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक ‘अमुकबँक डॉट कॉम’. ठीक. ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट’ या पत्त्यात बँकेचं नाव आधी दिसतं म्हणून डोळा तिथेच थांबतो, पण मालक आहे ‘खातेतपासणी डॉट नेट’. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. काही देशांत शेवटचा भागच दोन तुकड्यांचा असतो, जसं ‘सीओ डॉट यूके’. तिथे डावीकडे एक तुकडा आणखी मोजायचा.

जोडरेघेनं गल्लत होऊ देऊ नका. ‘अमुकबँक’ आणि ‘अमुकबँक-सुरक्षा’ ही दोन पूर्णपणे वेगळी डोमेन आहेत आणि दुसरं कुणीही नोंदवू शकतं. पत्त्यात त्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आत ‘ॲट’चं गोल चिन्ह आलं तर त्याच्या आधीचं सगळं ब्राउझरच्या लेखी निरर्थक असतं, खरा पत्ता चिन्हाच्या पुढे सुरू होतो. इंग्रजी अक्षरांची सारखी रूपं हाही जुना सापळा आहे. आर आणि एन शेजारी आले की छोट्या पडद्यावर एम दिसतो, ओच्या जागी शून्य बसतं, लहान एल आणि मोठा आय ओळखू येत नाहीत. २०१७ मध्ये एका संशोधकानं सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतली दिसायला सारखी अक्षरं घेऊन ‘ॲपल डॉट कॉम’सारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता आणि तेव्हाच्या क्रोम व फायरफॉक्समध्ये तो खऱ्यासारखाच दिसत होता. म्हणजे नजर कितीही तयार झाली तरी शंभर टक्के भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. पायरी १ आधी, ही नंतर.

कुलपाच्या चिन्हाबद्दल एक जुना गैरसमज अजून फिरतोय. कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित, असं पूर्वी शिकवलं जायचं. कुलपाचा अर्थ फक्त एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेली देवाणघेवाण मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसलाय का, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आज कुणालाही काही मिनिटांत फुकट मिळतं. लोकांची हीच गफलत होते म्हणून गुगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलूप काढून टाकलं.

छोट्या केलेल्या लिंक आणि क्यूआर कोड यांत मालक आधी दिसतच नाही. मेलमध्ये पेमेंटसाठी क्यूआर कोड आला असेल तर तो स्कॅन न करणं बरं. मेल गाळणाऱ्या यंत्रणेला चित्रातली लिंक सहज वाचता येत नाही, आणि कोड स्कॅन करायला तुम्ही फोन हातात घेता, जिथे पत्ता वाचणं आणखी अवघड. दोन्ही गोष्टी भामट्याच्या सोयीच्या.

पायरी ४: मेल तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतोय

‘शुद्धलेखनाच्या चुका बघा’ हा सल्ला आता विसरा. बनावट मेल आता चांगल्या भाषेत लिहिलेले येतात, मराठीतही. तुमचं पूर्ण नाव घेऊन आलेला मेल खरा, हेही राहिलं नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांमधून फुटलेल्या माहितीत नाव, ईमेल, फोन नंबर सगळं असतं. लोगो, रंग, तळटीप तर खऱ्या मेलमधून जशीच्या तशी उचललेली असतात.

बदलत नाही ती मागणी. पेमेंटच्या बनावट मेलला चारपैकी एक तरी गोष्ट हवी असते: तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी, तुमच्याकडून पैसे, तुमच्या कॉम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर, नाहीतर तुमचा फोन कॉल. मेल वाचून झाला की स्वतःला विचारा, यानं मला काय करायला सांगितलंय? खरा पेमेंट मेल बहुतेक वेळा काहीच मागत नाही, नुसती माहिती देतो. आणि एक साधी गोष्ट लक्षात असू द्या: पैसे घेण्यासाठी पासवर्ड, पिन किंवा ओटीपी कुणालाही सांगावा लागत नाही.

घाई ही दुसरी खूण. ‘२४ तासांत खातं बंद होईल’, ‘आजच दावा करा’. पण हल्ली घाई सौम्य शब्दांतही असते, नुसती काळजी वाटावी एवढी. ती ओळखायची तर मेलचा सूर बघण्यापेक्षा आपल्याकडे लक्ष द्या. मेल वाचता वाचता छातीत धस्स झालं किंवा बोट आपोआप बटणाकडे गेलं, की फोन खाली ठेवा. पाच मिनिटांनी पुन्हा वाचा.

फोन नंबरचा सापळा वेगळा सांगायला हवा. कारण त्यात लिंक नसते, अटॅचमेंट नसते, आणि सावध माणसंही ‘फोन करून तर बघू’ म्हणतात. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य असतो. तुमचा व्यवहार रद्द करून देतो म्हणतो आणि त्यासाठी स्क्रीन शेअर करणारं एखादं ॲप घ्यायला लावतो. ते एकदा सुरू झालं की तुमचं बँक खातं तो तुमच्याच पडद्यावर बघत असतो. कुठल्याही बँकेला किंवा पेमेंट सेवेला रिफंड देण्यासाठी तुमचा पडदा बघावा लागत नाही.

पायरी ५: अटॅचमेंट

‘पावती सोबत जोडली आहे.’ न मागितलेली पावती उघडू नका. झिप, आयएसओ किंवा एचटीएमएल फाइल म्हणून कुणी पावती पाठवत नाही. विशेषतः एचटीएमएल फाइल उघडली की लॉगिनचं खोटं पान तुमच्याच ब्राउझरमध्ये उभं राहतं. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे शेवटी ‘ईएक्सई’ असलेली फाइलही, म्हणजे चक्क एखादा प्रोग्रॅमही, नावावरून पीडीएफ वाटू शकते. फाइल एक्सप्लोररच्या सेटिंगमध्ये जाऊन शेपूट दाखवायला लावा. वर्ड किंवा एक्सेल फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर ती बंद करा.

पायरी ६: बिल तुम्हाला भरायचं असेल तेव्हा

आतापर्यंत पैसे येण्याबद्दल बोललो. जाणाऱ्या पैशांत नुकसान याहून मोठं होतं. फ्रीलान्स काम वाढलं, दोन-चार पुरवठादार झाले, की एक दिवस ओळखीच्या पुरवठादाराचा मेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढे या खात्यावर पैसे पाठवा.’ मेल त्याच्याच पत्त्यावरून, मागच्या संभाषणाच्या खालीच आलेला असू शकतो, कारण त्याचा मेलबॉक्सच कुणीतरी ताब्यात घेतलेला असतो. अशा वेळी पत्ता, सही, भाषा सगळं बरोबर असतं. बदललेला असतो तो फक्त खाते क्रमांक.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. इव्हाल्डास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियन माणसानं २०१३ ते २०१५ या काळात क्वांटा कॉम्प्युटर या तैवानी पुरवठादाराच्या नावाची स्वतःची कंपनी काढली आणि गुगल व फेसबुकला बनावट बिलं पाठवून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. दोन्ही कंपन्या क्वांटाशी खरोखर व्यवहार करत होत्या, म्हणून बिलं खपून गेली. त्याला डिसेंबर २०१९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे २०२३ साली फिशिंगच्या, म्हणजे खोट्या मेलनं माहिती काढून घेण्याच्या, २,९८,८७८ तक्रारी आल्या, तर धंद्याच्या ईमेलमधून झालेल्या फसवणुकीच्या २१,४८९. पण या दुसऱ्या गटातलं नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होतं. तक्रारी थोड्या, पण एकेक घाव मोठा.

उपाय एकच, आणि तो पाळायला संकोच करू नका. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की त्या माणसाला फोन करा. नंबर मेलमधला नको, तुमच्याकडे आधीपासून असलेला हवा. आवाज ओळखू आला तरी नवीन क्रमांक त्याच्याकडून पूर्ण वदवून घ्या. शक्य असेल तर आधी अगदी छोटी रक्कम पाठवून ती पोचल्याचं त्याच्याच तोंडून ऐका.

पायरी ७: आधीच करून ठेवायची तयारी

ट्रॉय हंट हे नाव संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. आपला ईमेल कुठल्या चोरीत फुटलाय का, हे बघायची ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा ते २०१३ पासून चालवतात. मार्च २०२५ मध्ये तेच फसले. मेलचंप या घाऊक मेल पाठवण्याच्या सेवेकडून आल्यासारखा मेल: तक्रार आल्यामुळे तुमची मेल पाठवण्याची सोय मर्यादित केली आहे. प्रवासानं थकलेले होते. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला. लक्षात येईपर्यंत त्यांच्या वाचकांची सुमारे १६,००० पत्त्यांची यादी चोरीला गेली होती. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यात एक तपशील सोन्यासारखा आहे: त्यांच्या पासवर्ड मॅनेजरनं, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या ॲपनं, त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नव्हता.

पासवर्ड मॅनेजर प्रत्येक पासवर्ड डोमेनशी बांधून ठेवतो. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी तुमचा डोळा फसेल, त्याचा फसत नाही. म्हणून एखादा वापरायला लागा, आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही तर हातानं टाइप करू नका. तिथेच थांबून पत्ता वाचा.

दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा) चालू ठेवाच, आधी ईमेल खात्यावर. इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलले जातात, त्यामुळे ते गेलं की सगळंच गेलं. पण ओटीपीची मर्यादा हंट यांच्या उदाहरणात दिसतेच. खोटं पान तुमचा ओटीपी घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं. याला पुरून उरते ती पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी दिसणारी सुरक्षा किल्ली, कारण ती खऱ्या डोमेनशिवाय इतर कुणाला उत्तरच देत नाही. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिन पानाचे एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड टाकलेही, पण प्रत्येकाला किल्ली सक्तीची असल्यानं हल्लेखोरांना आत शिरता आलं नाही. तुमची ईमेल सेवा पासकी देत असेल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन चालू करा.

पायरी ८: क्लिक झालंच तर

स्वतःला दोष देण्यात वेळ घालवू नका, पहिला तास फार महत्त्वाचा असतो.

नुसती लिंक उघडली आणि काही भरलं नाही, तर पान बंद करा, ब्राउझर आणि फोन अपडेट करा. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून तो लगेच बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही. मग सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा. नुसता पासवर्ड बदलून आत बसलेला माणूस प्रत्येक वेळी बाहेर पडतोच असं नाही. यानंतर एक गोष्ट करायची जी बहुतेक जण विसरतात: ईमेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. भामटे आत शिरल्यावर एखादा नियम गुपचूप लावून ठेवतात, म्हणजे बँकेचे मेल थेट कचऱ्यात जातात किंवा प्रत्येक मेलची प्रत त्यांच्याकडे जाते. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम चालूच राहतो. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत का, तेही बघा.

कार्डाची माहिती दिली असेल तर कार्ड ब्लॉक करा. पैसे पाठवले असतील तर बँकेला ताबडतोब फोन करा, नंबर कार्डाच्या मागचा किंवा ॲपमधला. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती अडवता येण्याची शक्यता असते. स्क्रीन शेअर करणारं ॲप घेतलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग ॲप काढा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार द्यायची तर मूळ मेल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, रागानं सगळं पुसून टाकू नका.

मेलची तक्रारही करा. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘रिपोर्ट फिशिंग’ असतं, आउटलुकमध्येही तसाच पर्याय आहे. पेपालच्या नावानं आला असेल तर ‘फिशिंग ॲट पेपाल डॉट कॉम’वर पुढे पाठवा. एकाच्या तक्रारीमुळे तोच मेल इतरांच्या स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते, म्हणून हा अर्धा मिनिट जरूर द्या. ‘अनसब्स्क्राइब’ मात्र दाबू नका. तीही लिंकच आहे.

यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी आणखी एक मेल येऊ शकतो. तुमची फसवणूक झाल्याचं आम्हाला कळलंय, तुमचे पैसे सापडलेत, थोडं शुल्क भरलंत की परत मिळतील. लिहिणारा स्वतःला वकील म्हणवेल, तपास अधिकारी म्हणवेल, आणि तुमची किती रक्कम गेली हेही त्याला माहीत असेल. फसलेल्यांच्या याद्या भामटे एकमेकांना विकतात, तिथून त्याला ती कळलेली असते. या मेललाही पायरी १ लागू करा: उत्तर न देता, तुमची तक्रार जिथे नोंदवली होती तिथे स्वतःच्या वाटेनं जाऊन विचारा.